काखेतले दाणे

बाई आल्या मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी,
पायात रबरी बूट, गळ्यात दोरीला भिंग.
मी ल्युनेद प्रॉथेरो, म्हणाल्या. गवत कापू नका.
किती दिवस?
मे उजाडेपर्यंत.

या चर्चच्या आवारात एकोणीस वर्षं यंत्र फिरवतोय मी.
ती पिवळी फुलं मला नवी नाहीत.
आमच्या वेल्शमध्ये त्यांना म्हणतात ‘एप्रिलचा डोळा’:
ऊन असलं की उघडा, ढग आला की मिटलेला.
ओढ्यापासून भिंतीपर्यंत सगळी सारखी,
तेलाचं बोट फिरवल्यासारखी तकतकीत.

सारखी नाहीत, बाई म्हणाल्या,
आणि दवात गुडघे टेकून पाकळ्या मोजू लागल्या.
आठ. नऊ. आठ. एकदा अकरा.
वहीत लिहिलं: यावरून काही ठरत नाही.

गवत थडग्यांच्या अक्षरांपर्यंत चढलं.
पोस्टातली हेटी म्हणाली, इड्रिसच्या अंगात आळस भरलाय.
मी यंत्राला तेल देत राहिलो.

एकदा पाऊस आला म्हणून यूच्या झाडाखाली थांबलो
तेव्हा त्यांनी विचारलं, इथे इतके एव्हन प्यू कसे?
सहा दगड, एकच नाव.
मी बोटानं दाखवत गेलो:
हा गिरणीचा एव्हन. हा पँटग्लासच्या मळ्यावरचा.
हा दूधवाला.
हा एव्हन ‘उद्या’, यानं कुणाचंच काम आज केलं नाही.
आणि ते दोघं?
त्यांना वेगळं ओळखणारी माणसंही
आता याच आवारात आहेत.
बाई हसल्या नाहीत. भिंग पुसत राहिल्या.

मेमध्ये फुलं सरली, पानं पिवळी पडून लोळली.
आता बघायचं काय उरलं, असं मी म्हणणार
तोच त्यांची हाक आली.
ओढ्याकडच्या एका देठावरचं पान त्यांनी अलगद उचललं,
झोपलेल्या पोराचा ताप बघताना हात उचलतात तसं.
खाली, पानाच्या काखेत, गव्हाएवढे फिकट दाणे.
काखेत कळसा! आणि दोन महिने आमचा गावाला वळसा.

हे बी नव्हे, बाई म्हणाल्या, ही तीच आहे, पुन्हा.
दाणा गळतो, पाण्याबरोबर जातो,
आणि खालच्या वळणावर तीच उगवते.
भिंतीकडच्या काखा रिकाम्या.
त्या झाडांना बी धरतं;
त्यासाठी ऊन लागतं, माशी लागते,
दुसरं कुणी लागतं.

त्यांनी दोन लॅटिन नावं लिहिली, मला म्हणून दाखवली.
मी लक्षात ठेवलं ते एवढंच:
ओढ्याची, आणि भिंतीची.

यूखालच्या झाडांना मात्र ना दाणे, ना बी.
तिथे बाई बराच वेळ ओणव्या होत्या.
वहीत नुसतं प्रश्नचिन्ह काढलं,
दोनदा गिरवलं, आणि बसच्या वेळेला निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं आवार कापून काढलं.
यूखालचा हातभर तुकडा ठेवला.
हेटी विचारत होती, तो कशाला ठेवलास?
म्हटलं, यंत्र तिथे वळत नाही.