ठोकून पाहिलेला हिशेब

कागद सापडला नाही म्हणून
जिप्सम बोर्डाच्या उरलेल्या तुकड्यावर मांडला,
सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं.
दीड फूट बाय नऊ इंच. एवढ्यात मावलं पाहिजे, म्हटलं,
मावणार नाही तो धंदा आपला नाही.

वर डावीकडं: पीएफचे एक लाख चाळीस हजार.
चौदा वर्षं दुसऱ्याच्या नावानं भिंती उभ्या केल्या,
तळाशी बसलेला हा गाळ.
खाली रेघ.

स्क्रूगन दोन. एक चालली असती,
पण गन बंद पडते ती नेमकी शनिवारी
आणि नाना पेठेतला रिपेअरवाला
शनिवारी दुपारीच शटर ओढतो.
म्हणून दोन. तेरा हजार.
लेझर लेव्हल. इम्तियाज म्हणाला, ओळंबा आहे की.
आहे. पण खराडीच्या आर्किटेक्टला
हिरवी रेघ दिसल्याशिवाय भिंत सरळ वाटत नाही.
साडेपाच.
लोखंडी घोड्या, पत्र्याची कात्री, पुट्टीच्या पात्या.
जीएसटी नंबर? सीए म्हणाले,
वीस लाखांच्या वर गेलास की ये.
हसले नाहीत. चांगला माणूस.

पहिलं काम बाणेरला, दातांचा दवाखाना.
सहाशे चाळीस फूट भिंत, बोर्ड दोन्हीकडून.
गणितानं चोपन्न, तुटफूट धरून अठ्ठावन्न.
गुंदेचा शेठना विचारलं, उधारीचं कसं?
त्यांनी चहा मागवला.

टेम्पो अठराशे, भवानी पेठ ते बाणेर.
विद्यापीठ चौकात अडकला तर त्याचं नशीब,
चौथा मजला मात्र आपलं.
लिफ्टमध्ये सहा बाय चार
उभा बसत नाही, आडवा बसत नाही,
माणसाच्या पाठीवर बरोबर बसतो.
बोर्डामागं चाळीस.

रेवती साडेसातला आली पतपेढीतून, डबा हातातच.
तुकडा ट्यूबच्या उजेडात धरला,
मग पेनाच्या मागच्या टोकानं
एकेक आकडा ठोकत गेली,
जसं आम्ही रंगवलेली भिंत ठोकतो
आत चॅनेल कुठंय ते ऐकायला.
टक. स्क्रूगन.
टक. बोर्ड, टेप, पुट्टी.
डब.
"दादा, डॉक्टर पळसुले पैसे कधी देणार?"
तीस टक्के आधी, बाकी काम झाल्यावर.
"सगळे?"
पाच टक्के वर्षभर ठेवून घेतात. भेग पडली तर.
ती काही बोलली नाही. तेवढी रक्कम खोडून
खाली बारीक अक्षरात लिहिलं: पुढच्या वर्षी.

पुन्हा डब.
"इम्तियाजभाईंचे रोज बाराशे. पोरांचे आठशे. तुझे?"
माझे काय, माझाच धंदा.
ती ठोकतच राहिली, काही न लिहिलेल्या जागेवर.
खिळा मारला असता तर
सरळ शेजारच्या घरात निघाला असता.

लिहिलं: अठरा हजार.
चौदा वर्षं मालकाशी पगारावरून भांडलो,
स्वतःशी भांडायची वेळ आली तेव्हा
अंगठ्यानं पुसून बारा केलं.
तिथं बोर्डाचा कागद सोलवटला,
आतला चुना दिसायला लागला.
"खोडलेलं धरू की लिहिलेलं?" रेवतीनं विचारलं.
आमटी गार होत होती.

बाणेरला दहाव्या दिवशी
अठ्ठावन्नावा बोर्ड संपला
आणि स्विचबोर्डाशेजारी भोक उरलं, वीतभर.
इम्तियाजनं पिशवीतून तोच तुकडा काढला,
मोजला, कापला, माझ्याकडं बघितलं.
लाव, म्हटलं. आकडे आतल्या बाजूला.
चार स्क्रू. टेप. दोन हात पुट्टी.

रेवतीकडं फोटो आहे मोबाइलवर.
मी बाहेर पडताना, कुणी बघत नाही असं बघून,
त्या जागेवर पेरानं एकदा ठोकलं.
पाच टक्के आत आहेत.
पुढच्या वर्षी.