सैकला, उणे दोन

खजूर इथवर चढत नाही.
खलफान सांगतो, आजोबांची झाडं खाली बिरकत अल मौजला,
घर मात्र इथे, डाळिंबांत.
सुगीला माणसं उतरायची, गाढवं लादून परत यायची.
दोन हजार मीटरवर डोंगर ज्याला नको म्हणाला
ते आम्ही मागच्या वर्षी ट्रकने आणलं:
बारा झाडं ताडकुळीची, मुळांना गोणपाट,
कारण हॉटेलच्या मालकांना हवा होता
समुद्रकिनाऱ्याचा फील.

मी नारळ लावू दिला नाही.
आखातातल्या सोळा वर्षांत
एवढं एकच भांडण जिंकलो.
पंख्यासारख्या पानांची घेतली, थंड मुलखातली,
बुंध्याला ज्यांच्या त्यांचाच काथ्याचा स्वेटर.
लांबून बघा, दिवेआगर.
जवळ जा, तर कुणाचा तरी चुलतभाऊ
ओळख द्यावी की नाही या विचारात उभा.

पाहुणे त्यांच्याखाली आडवे होतात,
काळा चष्मा, वर ब्लँकेट.
एक बाई म्हणाल्या, डोळे मिटले की लाटा ऐकू येतात.
तो फिल्टरचा पंप.
मी काही बोललो नाही.

तेरावं झाड हिशोबात नाही.
किचनच्या मागे, एक्झॉस्टची ऊब जिथे भिंतीला लागते,
तेलाच्या डब्यात एक पोफळ आहे, गुडघ्याएवढी.
वहिनीने मसाल्यात लपवून दिली होती सुपारी, सालासकट.
दादाच्या आगरात वादळानंतर
अकरा उभ्या राहिल्या,
त्यातल्या एकीची.
उभ्या राहिल्या म्हणजे काय,
कललेल्या होत्या.

सतरा जानेवारी. आभाळ इतकं स्वच्छ की पोटात गोळा आला.
ढग असता तर गोधडीसारखा पुरला असता.
वारा पडला. एक वाजता शून्य.
मोतालेब आणि मी शिडी घेऊन फिरलो,
पानं वर ओढून बांधली, आंघोळीआधी केस बांधावेत तशी,
गोणपाट, सुतळी, आत जुने पिवळे बल्ब
(नवे नुसता उजेड देतात).
तीनला तलावाकाठी बारा कंदील उभे,
आणि काटा उणे दोनवर.
खलफानने गाडीतून घोंगडी काढली,
त्याच्या बापाने विणलेली, इथे विणतात ते पुरुषच,
आणि किचनच्या मागे निघाला.
तुला कसं ठाऊक, विचारलं.
म्हणाला, रोज संध्याकाळी तू तिकडे कुणाशी बोलतोस
हे आचाऱ्यांनाही ठाऊक आहे.

सकाळी लॉन मिठागरासारखं.
बारा झाडं ठीक. टोकं जराशी करपली, कात्रीने काढली.
घोंगडीखाली पोफळीची दोन पानं
शिजवून ठेवल्यासारखी.

या कुळाला एकच शेंडा.
तो गेला तर बाजूने फुटायची सोय नाही.
परीक्षा सोपी: कोंब चिमटीत धरायचा, हलकेच ओढायचा.
अलगद हातात आला, बुडाला कुजका वास आला,
तर डबा रिकामा करायचा.
नाही आला तर थांबायचं.

दादाने फोनवर विचारलं, ओढून बघितलास?
म्हटलं, थंडी आहे अजून.
बराच वेळ त्याच्याकडची माशी ऐकू येत होती.
मग म्हणाला, वादळानंतर आठ दिवस
मी आगराच्या बाजूची खिडकी उघडली नव्हती.
आणि लगेच, इकडे सुपारीचा भाव काय झालाय माहीत आहे का,
हे सांगायला लागला.

आता एप्रिल. गावात गुलाबपाण्याच्या भट्ट्या पेटल्यात,
कपड्यांना, भाकरीला, मोतालेबच्या दाढीलासुद्धा तोच वास.
मालक खूश. आणखी सहा झाडं मागवतायत,
यावेळी उंच, फोटोत येतील अशी.
डब्यात गवत उगवलं होतं, ते आज काढलं.
मग बोट लावलं कोंबाला.
ओढला नाही, नुसतं लावलं.
उबदार होता.
पण दुपारी ती भिंतही उबदार असते.