गाळाचं वय

रात्रपाळी, सोहार. हवा एकोणचाळीस, पाणी चौतीस.
वहीत आधी तापमान लिहायचं, मग आपलं नाव: परकार.

ईदचा तिसरा दिवस.
कामगारांचे कॅम्प ओस पडलेत, टँकर नाहीत.
एरवी फाटकाबाहेर पंधरा-वीस उभे असतात,
ड्रायव्हर मांडीवर डबा उघडून जेवतात
आणि मागे काय भरून आणलंय ते विसरतात.
आज शहर सुट्टीवर,
म्हणजे शहराचं पोट सुट्टीवर,
म्हणजे माझे उपाशी.

माझे म्हणजे डोळ्याला न दिसणारे.
पहिल्या टाकीत वारा नाही.
तिथं ते पदरमोड करतात,
साठवलेला फॉस्फरस सोडतात
आणि त्या बदल्यात आंबलेलं काहीबाही गिळून ठेवतात.
दुसरीत मोकळा ऑक्सिजन नाही,
तो नायट्रेटच्या मुठीतून हिसकावून घ्यावा लागतो.
मूठ रिकामी झाली की नायट्रोजनचा बुडबुडा वर येतो,
फुटतो, जातो.
त्याला एक्झिट परमिट लागत नाही.
तिसरीत ब्लोअर गर्जतात. तिथं सोडलं होतं तेवढं परत,
वर आणखी थोडं, खिशात कोंबतात.

मध्यरात्री नायट्रेट चौदा. एक वाजता सतरा.
हिसकावायलाही अंगात बळ लागतं,
आणि बळाला काहीतरी गोड.
पुढच्या गोल टाकीत गाळ तळ सोडून वर आला,
पापडासारखा तरंगायला लागला.
धनबहादूर काठी घेऊन तो हलवत बसला,
उगाचच. हातांना काम हवं होतं.

मी खल्फानला फोन केला. झोपेतून उठवलं.
तो पिकअप घेऊन आला,
मागे निळा पिंप, सहमच्या मावशीकडचा
गेल्या वर्षीचा दिब्स, खजुराचा पाक,
आंबलेला, घरात कोणी खाईना असा.
आम्ही तिघांनी तो दुसऱ्या टाकीवर कलता केला.
काळी, जाड, न तुटणारी धार.
धनबहादूरनं बोट चाटलं आणि तोंड वाकडं केलं.
"हळू," खल्फान म्हणाला,
"उपाशी पाहुण्याला एकदम वाढू नये."

चारला नायट्रेट अकरा.
दुसऱ्या टाकीवर बुडबुड्यांचा बारीक शहारा.
एक थेंब काचेवर घेतला:
देठावरची एक घंटा दचकून आखडली,
मग पुन्हा उघडली, काही झालंच नाही अशी.

सहाला गाळ काढायचा व्हॉल्व्ह.
नायट्रोजनला आभाळ आहे, फॉस्फरसला नाही.
तो जातो फक्त ज्यांनी पोटभर साठवला
त्यांच्या पोटातून, त्यांच्यासकट.
म्हणून ज्यांचे खिसे भरले त्यांनाच बाहेर काढायचं.
पुस्तकात ही एकच ओळ आहे, ठळक अक्षरांतही नाही.
गाळाचं वय: चौदा दिवस.
माझं इथलं: एकोणीस वर्षं, दर दोन वर्षांनी नवा शिक्का.
चाक अकरा फेरे फिरवलं.
खाली पाइपात ते गेले, चिखलाच्या रंगाचे,
चांगले पोसलेले.

पाणी मात्र निवळ. ते चौकातल्या पेट्यूनियांना जाईल,
हायवेच्या खजुरांना,
पुढच्या एखाद्या पिंपाला.

साडेसातला पहिला टँकर आला.
ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ईद कशी झाली, परकारभाई?"
"सगळे जेवले," मी म्हणालो,
आणि त्याचा पाइप जोडून घेतला.