पालशेतच्या चढावर

गाडी कशी आहे ते शोरूममध्ये कळत नाही.
कळतं पालशेतच्या चढावर, पहाटे पावणेसहाला,
मागे अकरा क्रेट पाव, दोन क्रेट बटर,
आणि पुढ्यात एक म्हैस,
जिला हॉर्न म्हणजे नुसती विनंती वाटते.

माझी ओम्नी. वय वर्षं सोळा. मूळची पांढरी,
आता भाजलेल्या बटरच्या कडेसारखी.
इंजिन बसायच्या जागेखाली, गुडघ्यांपुढे फक्त पत्रा.
लोक म्हणतात, धडकलीस तर पहिली तूच.
मी म्हणते, म्हणून तर धडकत नाही.
एअरबॅगवाले वळणावर हॉर्न द्यायला विसरतात,
रोज बघते.

माझी मतं आहेत. कुणी विचारत नाही, तरी आहेत.
उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारा माणूस
मुलीला स्थळ म्हणून नको.
सनरूफ ही फणसाखाली राहणाऱ्यांची चेष्टा.
काळी गाडी घ्यावी खुशाल,
आमच्या लाल धुळीत दुपारपर्यंत तिचा तोरा उतरतो.
बोलेरोला मान देते मी.
ती कुरूप आहे, आणि तिला ते ठाऊक आहे.
बॅटरीवरच्या गाडीला मात्र मी हसले होते,
हेदवीच्या सावरकर मास्तरांनी घेतली तेव्हा.
मग एकदा त्यांनी चालवायला दिली
आणि तेल घातलेल्या कप्पीवरून दोर यावा
तशी ती चढ चढून वर आली.
त्या बाबतीत मी अजून गप्प आहे.

खारं वारं कुणाची किंमत विचारत नाही.
बशीर परकार म्हणतो, समुद्राशेजारी
गाडी विकत घेता येत नाही ताई,
गंजाकडून भाड्याने घ्यायची असते.
दर मे महिन्यात तो खाली झोपतो,
ब्रशने जुनं ऑईल फासतो चासीला,
आणि वर ऐकू येईल इतक्या मोठ्याने
मारुतीच्या इंजिनिअरांना शिव्या घालतो.

गेल्या डिसेंबरात, चिऱ्याच्या दोन गडग्यांमध्ये,
समोरून उतरत आली पुण्याची थोरली गाडी.
नियम साधा आहे, चढणाऱ्याला वाट.
मागे जायला त्याला वीस पावलं,
मला दीडशे, शिवाय मोरी.
मी इंजिन बंद केलं. हे आमच्याकडचं भांडण.
तो काच खाली करून म्हणाला,
"मला रिव्हर्स जमत नाही हो."
इतकं सरळ म्हणाला
की तोंडात आलेलं वाक्य मला गिळावं लागलं.

किल्ली मागितली. किल्ली नव्हतीच, बटण होतं.
बायको, म्हातारी आई, झोपेतून उठलेली दोन पोरं
डॉक्टर आल्यासारखी सावरून बसली.
सीट गार. पडद्यावर मागचा गडगा,
त्यावर हिरव्या, पिवळ्या रेघा.
मी पडद्याकडे बघितलं नाही.
आरसा, मग खांद्यावरून मान,
आणि एका दमात मागे, करवंदीच्या जाळीला न शिवता.
खोटं कशाला बोलू,
शेवटच्या हातभर अंतरात बघितलं एकदा.
करवंदीचं पान न् पान दिसत होतं.

"कुणी शिकवली गं गाडी?" म्हातारीने विचारलं.
कुणी नाही, म्हटलं.
नवरा मुंबईला गेला, ओम्नी इथंच राहिली.
तो पैसे काढत होता, मी दोन लाद्या विकल्या,
चालू भावाने.

हेदवीला पोचायला उशीर झाला. चहावाला म्हणाला,
गाडी बंद पडली काय?
त्याच्याशी मी त्या दिवशी बोलले नाही.

संध्याकाळी बशीरला विचारलं, सहज,
ओम्नीला मागचा कॅमेरा बसतो काय रे?
गाडीखालून आवाज आला,
"मागे बसतो की.
पण पडदा कुठे लावणार?
तुझ्यापुढे आहे काय, पत्र्याशिवाय?"