पाचवं रीळ

तेमांगुंगच्या उतारावर, तंबाखूच्या वाफ्यांशेजारी
दोन बांबू रोवून आम्ही पडदा ताणायचो.
वागिमानकाका यंत्रापाशी, मी जनरेटरपाशी.
धुकं उतरलं की सिनेमा थोडा धुक्यावरही पडायचा.

एकदा, कुणाच्या तरी लग्नात,
मागेलांगहून आलेल्या पेटीत पाचवं रीळच नव्हतं.
भुताचा सिनेमा, सहा रिळांचा,
आणि भूत होतं नेमकं पाचव्यात.
काका म्हणाले, लाव. आगाऊ पैसे खाऊन झालेत.

चौथं संपतं तेव्हा बाई कंदील घेऊन
विहिरीकडे निघालेली असते.
मग काळोख. रीळ बदलायला लागतात तेवढी मिनिटं.
जनरेटरची धडधड,
लवंगी सिगारेटींची लाल टोकं.
मग एकदम सहावं : सकाळ.
चुलीवर भात. फळीवर तिची फणी, ओली.
घरातले सगळे जेवतात
आणि तिचं नाव कोणी काढत नाही.

तीनशे माणसं, हूं की चूं नाही.
पडद्यामागं बसलेली पोरं, ज्यांना सगळं उलटं दिसतं,
उठून पुढं आली, मिळेल त्या कुशीत शिरली.
घरी जाताना सारिन्तेन म्हातारी म्हणाली,
विहिरीतली ती हुबेहूब माझी धाकटी जाऊ.
शिंपी म्हणाला, छे, पुरुष होता, पाठमोरा.
नवरदेव काहीच बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या विहिरीवर फळ्या ठोकल्या.

अकरा वर्षांनी रीळ सापडलं,
बिस्किटांच्या डब्यात, भलत्याच सिनेमाची चिठ्ठी चिकटवलेलं.
आम्ही दोघांनीच पाहिलं, गोदामाच्या भिंतीवर.
कापसाचे केस. पिठानं माखलेलं तोंड.
वळते तेव्हा पाठीवरची चेन दिसते, अर्धी उघडी.
काका इतके हसले की ठसका लागला.
मग बराच वेळ डबा मांडीवर घेऊन बसले.
"हे कुणाला दाखवायचं नाही," म्हणाले,
"बिचाऱ्यांची भीती जाईल."

काका गेले. यंत्र माझ्याकडे आहे, डबाही.
अजून कोणी बोलावलंच
तर चौथ्यानंतर सहावंच लावतो.
मला ठाऊक आहे मध्ये काय आहे :
पीठ, कापूस, चेन.
तरी त्या काळोखात
फिल्मचं टोक चाचपडत खोबणीत बसवताना
मी पडद्याकडे पाहत नाही.
कंदीलवाली बाई
अजून पोचलेली नसते.