पुढचा शॉकअप

भरमानं इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवला,
मग पुढचं चाक काढलं.
एकतीस वर्षांची माझी आरएक्स
कवळी काढलेल्या माणसासारखी दिसायला लागली.
मी दुसरीकडे बघितलं.

दोन्ही पाईप त्यानं काचेवर लोळवले.
डावा गुमान गेला.
उजवा दर फेऱ्याला थोडा उठायचा, थोडा बसायचा.
"बग," भरमा म्हणाला, "लंगडूलालंय."
मला आठवला जांबोटीच्या अलीकडचा तो रेडा,
अंधारात अंधारासारखाच उभा.
त्याला काही झालं नव्हतं.

आतलं तेल अर्धी वाटी निघालं,
काळं, मच्छीच्या वासाचं.
उरलेलं सील फाटून
कधीच वाटेवर गेलं होतं.

माझं काम दुधाचं.
फॅट मोजायच्या काचेच्या नळ्या
खोक्यात घालून, खोकं टाकीवर बांधून
चौदा गावं.
महिन्याला चार-पाच फुटायच्याच.
संघाचे बिरंजेसाहेब म्हणाले, गाडी बदल,
नाहीतर नळ्यांचे पैसे पगारातून.
गाडी बदलवेना,
म्हणून भंगारातल्या पल्सरचे हे जाड पाय,
टीसकट बाराशेला.
कुणाची पल्सर, मी विचारलं नाही.
हँडलला जत्रेतला लाल गोंडा होता.
भरमानं तो न तोडता सोडवला
आणि पान्यांच्या फळीवर खिळ्याला अडकवला.

नवी टी जुन्या मानेत बसेना.
उद्यमबागेत जुझे फर्नांडिसच्या प्रेसवर
दोन्ही टींचे दांडे दाबून काढले.
जुना दांडा नव्या टीत घालायचा,
तर तो सैल.
जुझेनं कॅलिपर डोळ्याशी नेला,
लेथवर एक बुश कातलं,
निळ्या कुरळ्या कातरणीतून
अंगठीएवढी वस्तू बाहेर आली.
प्रेसखाली ती एकदाच करकरली.
मी म्हटलं, वरून वेल्डिंगचा एक टाका?
"मान आहे ती," जुझे म्हणाला,
"मानेला टाका मारत नाहीत."
आणि पैसे सांगितले, ते जास्त होते.

मग ग्रीस, आणि ग्रीसमध्ये एकेक छर्रा.
शेवटचा कमी भरला.
मी, भरमा आणि चहावाला पोरगा
तिघं गुडघ्यांवर, ओल्या फरशीवर,
मराठीत, कानडीत शिव्या देत.
छर्रा भरमाच्याच कोपराला चिकटला होता.
दोन्ही हातांनी हँडल फिरवून बघितलं,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
लोण्यातून सुरी गेल्यासारखं.
"आतु," तो म्हणाला.
फक्त स्पीडोमीटरची केबल जुळत नव्हती.
काटा शून्यावर, आकडे एकसष्ट हजार चारशे आठवर.
"तू असा कुठं जोरात जाऊलालास?"
त्यानं हात पुसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खानापूर सोडलं.
पुलापाशीचा खड्डा आला असेल, गेला असेल.
खोक्यातल्या नळ्या गप्प.
मी दोनदा थांबून झाकण उघडलं,
आहेत ना बघायला.

इतकी वर्षं रस्ता मला डोळ्यांनी ठाऊकच नव्हता.
एक मोठा दणका, म्हणजे शाळा.
तीन लहान, म्हणजे नाला जवळ आला.
उजव्या मनगटात कळ गेली
की डावीकडे वळायचं,
तिथं डेअरीची खोली.
धुक्यात, झोपेत, तापात
मी याच हिशेबानं पोचत आलो.

आज कळ गेलीच नाही.
मी छान, अलगद,
दोन किलोमीटर पुढे निघून गेलो.

परत आलो तेव्हा
भागीरथी गावडे किटली डोक्यावर धरून
रस्त्याच्या मधोमध उभी.
"हाक मारली की मी! कुठं निघाला होतास?"

सांगायला काही नव्हतं.
एकेक नळी काढून फळीवर लावली.
सगळ्या शाबूत.
उजवं मनगट
उगीच दाबून बघितलं.