अनामिका

मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीन ते पाच,
बेलेमच्या अंधशाळेतल्या मागच्या खोलीत
जुरेमा ब्रश मांडते.
अकरा ब्रश, टॉवेलच्या घडीवर,
दांडे सगळे उजवीकडे.
आरसा नाही. होता एक,
तो मागच्या वर्षी कुणीतरी कपाटामागे सरकवला
आणि कुणी विचारलंही नाही.

हा चपटा, रंग ठेवायला.
हा फुगीर, कडा पुसट करायला. दाबायचा नाही,
चाळणी हलवतो तसा हलवायचा.
हा टोकदार, कोपऱ्यासाठी.
आणि हा स्पंज, डबीबरोबर फुकट येतो,
हा आधी फेकायचा.

लिंदाल्वा एकेक ब्रश
मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघते.
हा टोचतो.
हा नुसताच गुळगुळीत, खोटा आहे.
हा कुणाचा केस?
खारीचा, जुरेमा सांगते. महागाचा आहे, जपून.
मग देऊन टाक तिचा तिला परत.

तीस वर्षं तिने मासे साफ केले
वेर-ओ-पेसोच्या बाजारात, पहाटे चारपासून.
खवले कुठल्या बाजूने उठतात
ते डोळे होते तेव्हाही
तिला डोळ्यांनी कधी कळलं नव्हतं.
मग काचबिंदू आला,
कडेकडेने, भरतीच्या उलट.

गुरुवारी बसच्या पाससाठी फोटो आहे.
जुन्या फोटोत ती कशी दिसते
हे बारा जणांनी तिला बारा तऱ्हांनी सांगितलंय.
या वेळी निदान एक गोष्ट
तिची तिला ठाऊक असेल.

डब्यांना रबरबँड आहेत.
एक म्हणजे माती, दोन म्हणजे तांबं,
तीन म्हणजे आसाईचा जांभळा.
ती तीन उचलते.

ब्रशने पहिल्यांदा रंग गालावर सांडतो.
दुसऱ्यांदा भुवईत जातो.
आखूड धर, जुरेमा म्हणते, पत्र्याजवळ धर.
धरते. तरी नाही.
या दांड्याच्या टोकाला मी नसतेच गं,
लिंदाल्वा म्हणते,
तिथे कुणीतरी दुसरीच बाई असते
आणि तिला माझा डोळा माहीत नाही.

पंखा फिरतो. टॉवेलवर अकरा ब्रश,
आणि टॉवेलच्या कडेला तिचा पालथा हात.

अंगठा फार जाड.
तर्जनी नको, तिला दटावायची सवय,
ती पापणीवरही दटावेल.
मधल्या बोटावर सुरीची खूण, तिथे काही लागत नाही.
करंगळी पोचते, पण थरथरते.
राहिली अनामिका.
मासे कापताना ती कधी कामाला आली नाही,
बाकीच्यांबरोबर नुसती असायची.
अंगठी होती तिच्यात. विकली.
जागा अजून बारीक आहे.

जुरेमा तिथे चिमूटभर जांभळा ठेवते.
एक टिपका. दुसरा. घासायचं नाही.
बोटाच्या उबेने भुकटी मऊ होते, धरते.
पापणीखाली बुबुळ हलतं,
ओल्या पोत्यात मासा हलावा तसं,
अजून हलतं,
आणि लिंदाल्वा थांबते. जरा वेळ थांबते.
मग हाडाचा काठ लागेपर्यंत जाते. तिथे भिंत.

डावा थोडा वर गेलाय, जुरेमा म्हणते.
कितीसा?
तांदळाच्या दाण्याएवढा.
शिजलेल्या की कच्च्या?
कच्च्या.
मग दे तो फुगीर.
खारीचा?
खारीचाच. तिला नको सांगूस.

गुरुवारी खिडकीमागचा माणूस म्हणाला,
बाई, इकडे बघा.
इकडे कुठे?
तो गडबडला. कागद सारखे केले.
माझ्या आवाजाकडे, म्हणाला.
ती वळली, पापण्या क्षणभर मिटल्या,
आणि त्याने नेमका तेव्हाच
खटका दाबला.

परत काढू का? त्याने विचारलं.
जांभळा आलाय ना?
हो, म्हणाला, तोच जास्त आलाय.
असू दे मग.